खासदारांची मतंही तोलायला हवीत

‘पक्षाच्या सभासदांना आवडतो तोच खरा नेता, खासदारांची कुरकुर कशाला मनावर घ्यायची’ हे मत मला अजिबात पटत नाही. ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं २०२२ चं उदाहरण बघा. पक्षाचा नेता, म्हणजेच पंतप्रधान, निवडायचा होता; खासदार मतदानाने अंतिम दोघं ठरवणार आणि त्यांतला एक सभासद निवडणार. खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना १३७, लिझ ट्रस यांना ११३ आणि पेनी मॉर्डंट यांना १०५ मतं पडली. म्हणजे ट्रस जेमतेम ८ मतांनी अंतिम दोघांत आल्या! मग सभासदांनी त्यांना ५७ टक्के मतं दिली. कर्ज काढून करकपात करणं अंगाशी येईल, हे सुनक प्रचारभर सांगत होते. टाळ्या मात्र ट्रस यांच्या करकपातीच्या आश्वासनाला मिळाल्या. सप्टेंबरात ट्रस सरकारने करकपात जाहीर केली आणि पौंड गडगडला, सरकारी रोख्यांवरचा व्याजदर भडकला, पेन्शन फंड वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, बाजारात उतरावं लागलं. सात आठवड्यांत ट्रस पायउतार.

मजूर पक्षातही तेच. २०१६ मध्ये पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच पक्षाच्या १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूने फक्त ४०. सभासदांनी त्यांनाच पुन्हा निवडलं.

मला तर उमेदवार स्वतःच्या समर्थकांना नकोशी गोष्ट तोंडावर सांगतो का, हे भाषणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. सुनक यांनी ते केलं होतं.