वेलस्लीची दुसरी बाजू

रिचर्ड वेलस्लीची ओळख सहसा ‘दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या गळ्यात वसईचा तह (पेशव्याला इंग्रजांच्या अंकित करणारा करार) बांधणारा ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल’ एवढ्यावरच आटोपते, म्हणून थोडी भर घालतो. मॉर्निंग्टन या अँग्लो-आयरिश सरदार घराण्यात १७६० साली जन्मलेल्या या गृहस्थाला टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या विजयानंतर मार्क्वेस ही सरदारकीची पदवी मिळाली. मात्र ती ब्रिटिश नसून आयरिश असल्याचा त्याला मनस्वी राग आला होता. (मायभूमीविषयीचे प्रेम ते एवढेच!) तरीही १८२१ मध्ये आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट (ब्रिटिश राजाचा तिथला प्रतिनिधी) झाल्यावर त्याने कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत अशीच भूमिका घेतली आणि १८२८ मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणारा त्याचा धाकटा भाऊ आर्थर ब्रिटनचा पंतप्रधान झाला, तेव्हा याच प्रश्नावरील मतभेदामुळे आपले लॉर्ड लेफ्टनंटपद सोडले. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी आर्थरच्याच सरकारला कॅथलिकांना ते हक्क देणारा कायदा करावा लागला.