आजारपणातला भत्ता आणि नोकरी शोधायची अट : तुमचे अनुभव लिहा

शुभदा_मिडलंड्स
परवा नणंदेच्या मुलीचा फोन आला. मणक्याचं ऑपरेशन झालंय, नोकरी गेली, युनिव्हर्सल क्रेडिटचा (ब्रिटनमधला सरकारी भत्ता) अर्ज केलाय. "मामी, आठवड्याला पस्तीस तास नोकरी शोधायची म्हणतात. मला पस्तीस मिनिटं खुर्चीत बसवत नाही." तिच्याशी बोलून फोन ठेवला आणि २०१९ चं सगळं पुन्हा वर आलं. म्हणून हा धागा.

मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. संधिवात हातांत उतरला. सकाळी मूठ मिटत नसे. नळ मनगटाने उघडायचा, चहाचं पातेलं दोन्ही तळव्यांत धरून उचलायचं. शेवटी नोकरी सोडावी लागली. पहिल्याच भेटीत वर्क कोचने (भत्त्याच्या ऑफिसातला आपला अधिकारी) पस्तीस तास टाकले आणि सुचवलेल्या कामांत पहिलं कुठलं, तर किचन असिस्टंट! डॉक्टरांची फिट नोट, म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट, मी समोर ठेवली. तिने ती स्कॅन केली आणि म्हणाली, काम करायची क्षमता किती आहे याची सरकारी तपासणी होते, तिचा निकाल येईपर्यंत शोधत राहा.

मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते लिहिते. पस्तीस तास ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. तब्येतीप्रमाणे तास कमी करता येतात, अट पूर्ण थांबवायचाही अधिकार कोचला असतो. पण ते आपोआप होत नाही. मागावं लागतं, आणि तेही लेखी. मी ऑनलाइन जर्नलमध्ये (भत्त्याच्या खात्यातली निरोपांची वही) लिहिलं की सकाळी बोटं चालत नाहीत, टाईप करताना दुखतं, वजन उचलता येत नाही, म्हणून माझी क्लेमंट कमिटमेंट (भत्त्यासाठी काय काय करायचं तो करार) बदलून द्या. नुसतं "आजारी आहे" असं लिहिलं नाही, काय जमत नाही ते लिहिलं. त्यानंतर तास उतरले आणि भेटी फोनवर आल्या.

आजारी माणसाने आजारही सिद्ध करायचा आणि त्याच वेळी काम शोधतोय हेही सिद्ध करायचं, हे मला आजही पटत नाही. तुम्ही कसं निभावलंत? इंग्लंडातलंच हवं असं नाही.

थेम्सकाठचा
रुमाल टाकतो. मुलीला पोहण्याच्या क्लासहून आणलं की लिहितो.

मनीषा_के
ताई, पातेलं तळव्यांत धरायचं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईचं हेच. भाकरी थापणं सुटलं तेव्हा ती सगळ्यात जास्त रडली होती.

दत्ता_रात्रपाळी
मी डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यांनी भेट दिली बुधवारी सकाळी अकराची! मी मशीनला जोडलेला असणार त्या वेळी. फोन लावला, लागेना. मग तिथेच पलंगावरून एका हाताने जर्नलमध्ये टाकलं, हॉस्पिटलच्या वेळापत्रकाचा फोटो जोडला. बदलली तारीख. भेट चुकवून मग कारण सांगितलं तर सबळ कारण होतं का याची चौकशी होते, पैसे कापले जाऊ शकतात. आधी कळवलं तर बहुतेक वेळा निभतं. आता कायम मंगळवार देतात.

आणि हे कुणी सांगत नाही. दर आठवड्याला डायलिसिस चालू असेल त्यांना नियमातच काम करायची क्षमता मर्यादित आहे असं धरतात. केमो आणि रेडिओथेरपीवाल्यांना तर त्याच्याही पुढचा गट आहे, त्यांना काम शोधायला सांगायचंच नाही. उपचार ठरलेत पण अजून सुरू व्हायचेत, तरी तो मिळतो. हॉस्पिटलचं पत्र लगेच द्या, मोठ्या तपासणीची वाट बघत बसू नका.

मनीषा_के
दत्तादादा, आता तब्येत कशी आहे?

दत्ता_रात्रपाळी
ठीक. किडनीच्या यादीत नाव आहे. बहीण द्यायला तयार आहे, तिच्या तपासण्या चालू आहेत.

मनीषा_के
देव तिचं भलं करो. खरंच.

सातारकर_वेम्बली
शुभदाताई, हातांसाठी निर्गुडीचं तेल कोमट करून लावा रात्री. माझ्या सासूबाईंना फार आराम पडला.

शुभदा_मिडलंड्स
लावते हो, बरं वाटतं. पण संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट चालू आहे, ते सोडलेलं नाही. कुणी तेलावर भागवू नका, सांध्यांचं कायमचं नुकसान होतं.

सातारकर_वेम्बली
नाही नाही, गोळ्या सोडा असं मी म्हणतच नाही. जोडीला.

नाव_नको_कृपया
नवीन आयडी काढून लिहितेय. माझं मनाचं आजारपण. नैराश्य आणि पॅनिक. बाहेरून काहीच दिसत नाही ना. केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, म्हणजे ही ठणठणीत.

कोचने सांगितलं जॉब फेअरला जा. एवढा हॉल, एवढी गर्दी. मी दारापर्यंत गेले, घाम फुटला, जिन्यात बसून राहिले. त्या जिन्याच्या कठड्याचा निळा रंग उडालेला होता, तो नखाने खरवडत बसले होते मी. पुढच्या भेटीत विचारलं, का नाही गेलीस.

मग तपासणी झाली फोनवर. बाईंनी विचारलं, घरात कुत्रा आहे का? मी म्हटलं आहे. अहवालात आलं, "रोज कुत्र्याला फिरवते." फिरवतो माझा भाऊ! मला विचारलंच नाही कोण फिरवतं ते. गुण पडले शून्य. काम करायची क्षमता मर्यादित आहे असं ठरायला पंधरा लागतात.

एका महिन्याच्या आत मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागितलं, तिथेही नाही. मग अपील, ट्रिब्युनलकडे. तिथे मात्र एक डॉक्टर होते, त्यांनी मला सावकाश विचारलं, मध्ये पाणी दिलं. निकाल माझ्या बाजूने लागला. ज्यांना नकार आलाय त्यांनी कृपा करून तिथेच थांबू नका. आणि फोनच्या तपासणीचं रेकॉर्डिंग हवं असं आधीच सांगता येतं, ते सांगा.

शुभदा_मिडलंड्स
अगं, लिहिलंस हे फार बरं केलंस. कुत्र्याचं नाव काय?

नाव_नको_कृपया
लाडू :)

मनीषा_के
लाडूला खाऊ माझ्याकडून.

प्रश्न_आहे_एक
आमचा वेगळाच घोळ आहे. माझा स्किल्ड वर्कर व्हिसा, बायको डिपेंडंट. तिने तीन वर्षं केअर होममध्ये काम केलं, आता स्लिप डिस्क. आमच्या कार्डावर नो पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत) असा शिक्का आहे. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट विसरा. काहीच नाही का मग? अर्ज केला तर व्हिसाला धोका?

सल्लाकेंद्र_स्वयंसेवक
प्रश्न_आहे_एक, युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करू नका, तो पब्लिक फंड्समध्ये येतो आणि त्याने खरंच व्हिसा अडचणीत येऊ शकतो. पण न्यू स्टाईल ईएसए नावाचा दुसरा भत्ता आहे. तो तिने स्वतः भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतो, म्हणून पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत. मागच्या दोन पूर्ण करवर्षांचं तिचं योगदान पुरेसं आहे का ते बघतील. ती अजून नोकरीवर असेल तर आधी मालकाकडून स्टॅट्युटरी सिक पे (कायद्याने द्यायचा आजारपणाचा पगार), २८ आठवड्यांपर्यंत. त्यानंतर ईएसए. अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला एकदा दाखवा, एवढं माझं ऐका.

बाकी सगळ्यांसाठी, वर थोडं अर्धवट आलंय म्हणून. पहिले सात दिवस आजारी असाल तर फिट नोट लागत नाही, आपणच सांगायचं. युनिव्हर्सल क्रेडिटवर असताना थोडक्यातलं आजारपण आलं तर चौदा दिवसांपर्यंत काम शोधायची अट लावत नाहीत, आणि हे बारा महिन्यांत दोनदा मिळतं. फिट नोटवर जुलै २०२२ पासून डॉक्टरच नाही तर नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फार्मासिस्टही सही करू शकतात, त्यामुळे जीपीची (आपल्या नेहमीच्या डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून अडून राहू नका. मधे खंड पडू देऊ नका नोटमध्ये. एक संपायच्या आधी दुसरी. लोकांचे पैसे बऱ्याचदा या एका गोष्टीवरून लांबतात, कारण ज्यांना काम शोधायला सांगत नाहीत त्या गटाला भत्त्यावर जादा रक्कम मिळते, ती सुरू व्हायच्या आधी साधारण तीन महिने धरायचे असतात आणि ते नोट दिल्यापासून मोजतात.

त्या जादा रकमेचं वाईट वाटतं. एप्रिल २०२६ पासून नवीन येणाऱ्या बहुतेकांना ती आधीच्यांच्या निम्म्याच्या आसपास. गंभीर आणि कायमच्या आजारांना सूट आहे, पण संधिवातासारखा चढउतार होणारा आजार त्यात बसवणं अवघड जातं. हे बरोबर नाही. ज्यांचा आजार रोज सारखा दिसत नाही त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान.

शुभदा_मिडलंड्स
अगदी. चांगल्या दिवशी तपासणी आली की संपलं. तपासणीआधीचा यूसी५० फॉर्म भरताना म्हणूनच लिहा की हे मी एकदा करू शकते पण लगेच पुन्हा नाही, आणि केलं तर दुसऱ्या दिवशी काय होतं. पन्नास मीटर चाललात म्हणजे झालं असं नाही, न थांबता आणि परत परत चालता येतं का ते महत्त्वाचं.

बव्हेरियातून
म्युनिकहून. इथे आजारी पडलं की सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, मग आरोग्य विमा क्रांकनगेल्ड देतो, एकूण पगाराच्या ७० टक्के, त्याच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे. मला या काळात कुणी नोकरी शोध म्हणालं नाही. ७८ आठवडे संपल्यावर मात्र तुमच्यासारखंच सुरू होतं, पत्रांवर पत्रं आणि सगळी त्या भयंकर सरकारी जर्मनमध्ये. माझी मुलगी दहावीत होती, तीच वाचून दाखवायची. पोरींवर हे ओझं पडतं याचं दुःख होतं.

थेम्सकाठचा
आलो. मुलगी झोपली.

गोदामात पाठ गेली, त्याला झाली काही वर्षं. माझा अनुभव चांगला आहे म्हणून लिहितो, नाहीतर नवीन माणसं घाबरतील. माझे कोच पन्नाशीचे गृहस्थ, त्यांची स्वतःची पाठ दुखायची. मी आत गेलो की म्हणायचे, उभं राहायचंय की बसायचंय? त्यांनी माझे तास खाली आणले आणि सांगितलं, तुला जमेल तेवढंच पण काय केलंस ते लिहीत जा. सीव्ही सुधारला, एक कोर्स केला, सगळं तासांत धरलं. मग एका ऑफिसात अर्धवेळ लागलो. उंच होणारं टेबल ॲक्सेस टू वर्क या सरकारी योजनेतून मिळालं.

काम सुरू केलं की भत्ता पूर्ण बंद होतो असं बरेच जण समजतात. तसं नाही. कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कमी होतात, आणि काम करायची क्षमता मर्यादित आहे असं ठरलेलं असेल तर सुरुवातीची काही कमाई धरतच नाहीत. मला तो हिशोब कळल्यावर हिंमत आली.

दत्ता_रात्रपाळी
असा कोच सगळ्यांना मिळो राव. माझे सारखे बदलतात, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं.

थेम्सकाठचा
जर्नलमध्ये सगळ्यात वर एक परिच्छेद लिहून ठेव आणि नवीन माणूस आला की तोच चिकटव. मी तेच करायचो.

पंचगंगाकाठी
कोल्हापूरहून वाचतेय. आपल्याकडे कुणी नोकरी शोधली का विचारत नाही, कारण तेवढा भत्ताच नाही. भाऊ इचलकरंजीला सूतगिरणीत, त्याला टीबी झाला. ईएसआयचं (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड होतं म्हणून वाचलो. साधं आजारपण असेल तर वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के, पण टीबी लांबच्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे पुढे ८० टक्के मिळत राहिले, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. दोन वर्षं सलग नोकरी झालेली लागते. दर वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन जायचं, रांग लावायची. शेजारचे काका त्याच गिरणीत कंत्राटावर, त्यांचं कार्डच काढलेलं नव्हतं. त्यांना तोच आजार. ते दम लागत असताना कामावर जात राहिले. कार्ड आहे का ते आजच बघा, आजारी पडल्यावर नाही.

मनीषा_के
काकांचं पुढे काय झालं?

पंचगंगाकाठी
बरे झाले. सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या पूर्ण घेतल्या. आता नातवाला शाळेत सोडतात.

सातारकर_वेम्बली
सूतगिरणीत कोणत्या? माझे मामा होते इचलकरंजीला.

पंचगंगाकाठी
इथे नाव नको. व्यनि करते.

मनीषा_के
अवांतर: निर्गुडीचं तेल इथे मिळतं कुठे? आम्ही लेस्टरला.

सातारकर_वेम्बली
तुमच्याकडे बेलग्रेव्ह रोडला आयुर्वेदिक दुकानांत विचारा, नाहीतर येणाऱ्या जाणाऱ्याकडून मागवा. बाटली नीट गुंडाळायला सांगा, माझ्या सगळ्या साड्यांना वास लागला होता.

प्रश्न_आहे_एक
स्वयंसेवक, फार आभार. ऑफिसात बसून वाचलं. बायकोला फोन करून सांगितलं, ती गप्पच झाली, मग म्हणाली म्हणजे माझ्या कामाचं काहीतरी जमा आहे तर. केअर होमने सिक पे सुरू आहे असं सांगितलंय पण कागद काही दिला नाही. कोणता मागू?

सल्लाकेंद्र_स्वयंसेवक
एसएसपी१ नावाचा फॉर्म मागा. सिक पे संपणार असेल किंवा देता येत नसेल तेव्हा मालकाने तो द्यायचा असतो, ईएसएच्या अर्जाला लागतो. ईमेलने मागा म्हणजे तारीख राहते. आणि तिच्या सगळ्या पेस्लिप काढून ठेवा.

प्रश्न_आहे_एक
आज रात्रीच मेल टाकतो.