चार्जिंगचा फवारणी पंप: मोटर फिरते, पण पाणी ओढत नाही

प्रश्न

१६ लिटरचा पाठीवरचा चार्जिंगचा पंप आहे. बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअरची, मोटर एक. शेवटची फवारणी बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची) झाली, मग दोन महिने पंप पडून होता. आता बटण दाबलं की मोटर फिरते, पण आवाज हलका आणि भरभर येतो. नोझलमधून औषध येत नाही, मधूनच फुस्स करून हवा येते. बॅटरी फुल आहे, टाकीतली जाळी धुतली, नोझलही साफ आहे. दुकानदार पूर्ण मोटर-पंप बदला म्हणतो. त्याआधी काय बघावं?

उत्तर १

दादा, हलका आवाज म्हणजे मोटरवर भार येत नाही. बॅटरी आणि मोटर दोन्ही ठीक आहेत. बिघाड एक तर नळीत आहे, नाही तर पंपाच्या डोक्यात, म्हणजे मोटरला जोडलेल्या व्हॉल्व्हच्या भागात. तो नेमका कुठे आहे हे पाच मिनिटांत कळतं.

टाकीत तीन-चार लिटर साधं पाणी घ्या आणि हातमोजे घालून पंपाच्या इनलेटची (पाणी आत येणाऱ्या तोंडाची) नळी काढा. पंप टाकीच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे नळीतून पाणी आपोआप धार धरून यायला हवं. थेंब थेंब आलं तर टाकीच्या बुडाशी गाळ अडकलाय. झाकण सैल केल्यावर धार वाढली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, ते सुईने मोकळं करा. धार चांगली असेल तर मोटर चालू करून इनलेटच्या तोंडावर बोट धरा. बोट खेचलं गेलं पाहिजे. ओढ नसेल तर दोष आत आहे, मग नळ्या आणि क्लिपा बदलून उपयोग नाही.

नळीला भेग असली तर पंप बंद असतानाही तिथून पाणी पाझरतं. टाकीखालचा कप्पा कोरडा असेल तर नळीचा संशय सोडा.

उत्तर २

उघडण्याआधी एक करून बघा. दोन महिने कोरडा राहिलेला पंप नुसती हवा पकडूनही बसतो. डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, जेमतेम काही मिलिमीटर हलतो, तेवढ्याने हवा फारशी दाबली जात नाही. पुढे नोझलचं बारीक छिद्र असलं तर ती हवा बाहेरच पडत नाही. म्हणून नोझल काढा, ट्रिगर दाबून ठेवा, दांडा टाकीच्या खाली धरा आणि टाकीत कोमट पाणी घालून ३० सेकंद चालवा. थांबून तीन-चार वेळा करा. सुकून चिकटलेले व्हॉल्व्हही यात बऱ्याचदा सुटतात. नळीला तोंड लावून ओढू मात्र नका, कितीही धुतलेली असली तरी.

प्रेशर स्विचच्या (दाब वाढला की मोटर थांबवणाऱ्या स्विचच्या) मागे लागू नका. तो बिघडला तर मोटर बंद पडते, चालू-बंद होत राहते किंवा थांबतच नाही, पण पाण्याची ओढ त्यामुळे जात नाही.

प्रश्नकर्ता

नळीतून धार चांगली आहे, बोटाला ओढ अजिबात नाही. कोमट पाण्याने चार वेळा केलं, फरक नाही.

उत्तर ३

मग डोकं उघडा. बोर्डोनंतर हे ठरलेलंच आहे, चुन्याची खपली व्हॉल्व्हखाली बसते.

बॅटरीची वायर सोडा. पंपाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत मार्करने एक उभी रेघ ओढा, जोडताना तिन्ही भाग त्याच रेघेत आले पाहिजेत. स्क्रू काढले की वर स्विचचं झाकण, मध्ये व्हॉल्व्हची प्लेट आणि खाली मोटरला जोडलेला डायफ्राम दिसतो. बहुतेक छोट्या पंपांत तीन कप्पे असतात. प्रत्येकाला पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह असतो, सोडणारा मधोमध. रबराची कड प्लेटला चिकटून बसली पाहिजे. खाली बाजरीच्या कणीएवढा खडा अडकला तरी पाणी पुढे-मागे झुलत राहतं आणि ओढ जाते.

फक्त प्लेट आणि रबर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात अर्धा तास भिजवा, स्विच भिजवू नका. चुना विरघळतो, पण बोर्डोतलं जिप्सम त्यात विरघळत नाही, ते जुन्या टूथब्रशने घासूनच काढावं लागतं. ब्लेड किंवा तार लावलीत तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर चरा पडतो आणि तिथून कायमची गळती. रॉकेल, पेट्रोलही नको, रबर फुगतं. धुतलेल्या पाण्यात मोरचुदातलं तांबं असतं, विहिरीजवळ ओतू नका.

डायफ्राम उजेडासमोर धरून घडीच्या जागी ताणून बघा. चीर असेल किंवा मोटरच्या बाजूला ओल दिसली तर बेअरिंग हाताने फिरवून बघा. ते खरखरत असेल तर दुकानदार म्हणतो ते बरोबर, पूर्ण पंप बदला. नाही तर व्हॉल्व्ह-डायफ्रामचा सेट पुरतो. दुकानात जुने भाग सोबत न्या, मॉडेलनुसार आकार बदलतो.

जोडताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. बोटाने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे, जास्त आवळलं तर प्लास्टिकचे आटे जातात.

उत्तर १

यापुढे बोर्डोसाठी चुन्याचं द्रावण दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या. फवारणी संपली की दोन-दोन लिटर स्वच्छ पाणी तीनदा चालवा आणि शेवटी नोझल काढून पंप रिकामा होईपर्यंत फिरवा. मिश्रण पंपात रात्रभर राहिलं की खपली धरायला लागते.