सहाध्यायींनी शिकवलेले विद्यार्थ्यांना कितपत पटते?

प्रश्न :
मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला असून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शारीरिक तपासणीची प्राथमिक कौशल्ये शिकवण्याचे काम आमच्या बॅचकडे आले आहे. मुले मोकळेपणाने शंका विचारतात. मात्र तास संपल्यावर 'हे एकदा सरांना विचारून घेऊ' असे त्यांचे आपसांतले बोलणे कानावर येते. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. तरीही हा अविश्वास स्वाभाविक मानावा, की आमच्या शिकवण्यातच काही बदलावे?

उत्तर १ :
मला ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, एका सीनिअरमुळे समजला. प्राध्यापकांनी मज्जारज्जूतून येणाऱ्या सी ५ ते टी १ या मुळांपासून निघून ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड या टप्प्यांचा सारा पट क्रमाने उलगडला होता, आणि तो अचूकच होता. पण डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलावर सुरुवात कोठून करावी हेच मला उमगत नव्हते. सीनिअरने आधी काखेतल्या ॲक्झिलरी धमनीच्या पुढे दिसणारा नसांचा 'एम' हा आकार शोधायला लावला आणि तेथून मागे मुळांकडे नेले. दोनच वर्षांपूर्वी तो स्वतः तेथेच अडला होता, म्हणून माझी अडचण त्याला न सांगता कळली.

उत्तर २ :
वरील अनुभव मान्य करूनही दुसरी बाजू सांगतो. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होते, त्या विकाराचा) मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, ऐकताना स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) घट्ट दाबून धरायची, असे मला एका सीनिअरने ठामपणे शिकवले होते. प्रत्यक्षात हा मर्मर खालच्या पट्टीतला असतो. बेल दाबली की तिच्याखालची ताणलेली त्वचाच स्टेथोस्कोपच्या डायफ्रामसारखी (सपाट पडद्यासारखी) वागते आणि नेमका तोच आवाज गाळला जातो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून बेल अपेक्सवर (हृदयाच्या टोकाच्या जागी) नुसती टेकवायची असते, हे वॉर्डात प्राध्यापकांनी माझा हात सैल केला तेव्हा कळले. तोपर्यंत तीच चूक मी पुढच्या बॅचला शिकवून मोकळाही झालो होतो! मुले सरांना विचारून घेत असतील, तर घेऊ द्यावे.

उत्तर ३ :
मी शिक्षक आहे. कोणी काय शिकवायचे, हे आधी ठरवून दिले की विद्यार्थ्यांची ही धाकधूक बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे. रक्तदाब मोजणे किंवा छातीची तपासणी यांसारखी पायऱ्यापायऱ्यांनी करायची कौशल्ये सीनिअरांनी जरूर शिकवावीत, परंतु विभागाने तपासून दिलेल्या यादीवरूनच. आणि पहिल्या तासाला एखादा शिक्षक मागे बसलेला असावा. निदानाचा विचार कसा करावा, हे मात्र मी त्यांच्यावर सोपवणार नाही. शिक्षकांचा तास वाचवण्यासाठी सीनिअरांना उभे केले आहे, असे वाटले तर मुले नाराज होतात, आणि ती नाराजी मला रास्त वाटते.

प्रश्नकर्ता :
आम्हाला अशी यादी दिलेली नाही. प्रत्येक जण आपापल्या वहीवरून शिकवतो. उद्या विभागाकडे ती मागतो, आणि बेलबद्दल मी स्वतः काय सांगितले होते, तेही पडताळून पाहतो.