शब्दचर्चा : ‘म्युझेत’

प्रश्न : फ्रेंच वादक रिशार गालियानो यांच्या अकॉर्डियनवादनावर लिहिताना मी त्यांच्या ‘न्यू म्युझेत’ या शैलीसाठी ‘नवे फ्रेंच लोकसंगीत’ असा शब्दप्रयोग केला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते तो टाळावा. ‘म्युझेत’ हे मुळात एका छोट्या फ्रेंच बॅगपाइपचे नाव. एकोणिसाव्या शतकात ओव्हेर्न्य प्रांतातून पोटापाण्यासाठी पॅरिसला आलेल्या मंडळींनी बास्तीय भागातल्या कॅफेंमध्ये ‘काब्रेत’ या आपल्याकडच्या बॅगपाइपच्या साथीने नाच सुरू केले आणि अशा ठिकाणांना ‘बाल-म्युझेत’ (फ्रेंचमध्ये ‘बाल’ म्हणजे नाच) म्हटले जाऊ लागले. पुढे इटालियन वंशाच्या वादकांनी तिथे अकॉर्डियन आणले. बॅगपाइप मागे पडला, नाव मात्र टिकले. त्यामुळे ज्याला आपण सरसकट लोकसंगीत म्हणतो, ते खरे तर स्थलांतरितांनी महानगरात घडवलेले नृत्यसंगीत आहे.

या शब्दाला अकॉर्डियनच्या जुळणीशी निगडित असा आणखी एक अर्थ आहे. एकाच स्वरासाठी दोन किंवा तीन रीड (हवेने कंप पावणाऱ्या पट्ट्या) असतात आणि त्या मुद्दाम किंचित वरखाली जुळवतात. एक रीड सेकंदाला ४४० कंपनांची आणि दुसरी ४४३ कंपनांची असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. पेटी जुळवणारा कारागीर जो फरक दोष समजून काढून टाकेल, तोच इथे म्युझेतचा प्राण ठरतो. जॅझमधली वेगवान स्वरावली स्पष्ट उमटावी म्हणून अनेक वादक हे हेलकावे कमी ठेवतात.

प्रश्न : मग ‘जॅझ-म्युझेत फ्यूजन’ म्हणावे का?

उत्तर : ‘फ्यूजन’ म्हटले, की दोन अनोळखी परंपरांची अलीकडे गाठ घालून दिली असे वाटते. प्रत्यक्षात जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांनी तरुणपणी याच नाचघरांत अकॉर्डियनवादकांना बँजोची साथ केली होती, आणि ग्युस व्हिझर यांच्यासारख्या अकॉर्डियनवादकांनी वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्यप्रकारात जॅझचा झुलता ठेका, म्हणजे स्विंग, आणला होता. गालियानो यांचा ‘न्यू म्युझेत’ हा अल्बम १९९१ चा. अर्जेंटिनाचे संगीतकार पियाझोला यांनी टँगो या तिथल्या नृत्यसंगीताला जसे ‘नुएव्हो टँगो’ हे नवे रूप दिले, तसे म्युझेतचे करावे, हा सल्ला त्यांना स्वतः पियाझोला यांनीच दिला होता. तेव्हा ‘न्यू’ या विशेषणाला टँगोचा हा संदर्भ आहे आणि तो भाषांतरात हरवू नये.

म्हणून पहिल्या उल्लेखात ‘म्युझेत हे पॅरिसचे नृत्यसंगीत’ असा खुलासा करावा, पुढे नुसते ‘म्युझेत’ लिहावे आणि शब्द नपुंसकलिंगी वापरावा : ‘जुने म्युझेत’, ‘नवे म्युझेत’.