कॉर्पोरेट फायनान्स कायद्याची नियतकालिके कोणाच्या उपयोगाची?

मूळ लेखन:
कर्जव्यवहारांच्या कायद्याला वाहिलेली नियतकालिके म्हणजे प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी खर्ची घातलेला कागद, असे मत काल येथे मांडले गेले. ते मला मुळीच मान्य नाही. इंग्लंडमध्ये १९७९ च्या सीबे गॉर्मन निकालाने कंपनीच्या येण्यांवर (ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमांवर) फिक्स्ड चार्ज, म्हणजे कंपनीला बँकेच्या संमतीशिवाय वापरता न येणाऱ्या मालमत्तेवरचा तारणहक्क, घेण्याचा नमुना ग्राह्य धरला आणि बँकांची डिबेंचर्स (कर्जाचे तारण-दस्त) पंचवीस वर्षे त्याच साच्यातून निघाली. वसुलीचा पैसा कंपनीला खात्यातून हवा तसा काढता येत असेल, तर तो चार्ज फ्लोटिंगच, म्हणजे कंपनीला मोकळेपणी वापरता येणाऱ्या, बदलत्या मालमत्तेवरचा दुबळा तारणहक्क, हा आक्षेप अभ्यासकांनी आधीच नोंदवला होता. २००५ मध्ये स्पेक्ट्रम प्लस खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) तोच उचलून धरला.

प्रतिसाद १:
श्रेय लेखांना का? कायदा खटला लढणाऱ्यांनी बदलला. मी अनेक वर्षे डिबेंचरचे मसुदे करतो. सह्यांच्या आदल्या रात्री एकही लेख माझ्या कामी आलेला नाही. शिवाय हा निकाल केवळ पुढील व्यवहारांपुरता ठेवण्यास न्यायालयाने नकार दिला. प्रस्थापित निकालावर विसंबलेल्या बँकांचा त्यात काय अपराध?

प्रतिसाद २:
बँकांचाच कळवळा! मी एका पुरवठादाराचे हिशेब पाहत होतो. आमचा मोठा ग्राहक बुडाला, त्याची सारी येणी बँकेने नेली आणि आम्हाला काहीही मिळाले नाही. चार्जला कोणते नाव द्यायचे, हा आमच्यासाठी पगाराचा प्रश्न होता.

प्रतिसाद १:
आपले दुःख खरे असेल, पण मुद्दा चुकतो आहे. स्पेक्ट्रमचा लाभ अग्रक्रमाच्या धनकोंना (फ्लोटिंग चार्ज असलेल्या बँकेच्या आधी पैसे मिळणाऱ्यांना), मुख्यतः करखात्याला झाला. विनातारण पुरवठादाराला नाही.

प्रतिसाद २:
आपण अर्धेच सांगता. एंटरप्राइज ॲक्ट २००२ ने फ्लोटिंग चार्जखालील मालमत्तेतून विनातारण धनकोंसाठी वाटा राखून ठेवला. त्याची कमाल मर्यादा आधी सहा लाख पौंड होती, एप्रिल २०२० पासूनच्या चार्जना ती आठ लाख आहे. फिक्स्ड चार्जमधून हा वाटा निघत नाही. मसुदा करणाऱ्याला एवढे ठाऊक नसावे?

प्रतिसाद १:
ठाऊक आहे, आणि तेवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य करतो. उपदेशाचा सूर मात्र आवरावा.

मूळ लेखन करणारा:
मग माझ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. न्यूझीलंडच्या ब्रुमार्क प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील अपिली न्यायपीठाने) २००१ मध्येच हीच दिशा दाखवली होती, त्यावर लिहिलेही गेले. पुढील चार वर्षांत आपण आपला नमुना बदललात का?

प्रतिसाद १:
नाही. अंतिम निकालापर्यंत थांबावे, असे अशिलाने ठरवले आणि मीही त्याला विरोध केला नाही.