सिलिकोनमधलं प्लॅटिनम: आता लोखंडाला संधी द्यायची की नाही?

चिकटपट्टी: स्टिकर सोलल्यावर हातात उरणारा गुळगुळीत कागद आपण बिनदिक्कत कचऱ्यात टाकतो. त्यावरच्या सिलिकोनच्या (सिलिकॉन या मूलद्रव्यापासून बनलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या) थरात बहुतेक वेळा प्लॅटिनम असतं. पीपीएममध्ये (दहा लाखांत काही भाग) का होईना, पण असतं, आणि ते परत काढायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

सिलिकोन घट्ट करायचं म्हणजे एका साखळीवरचे सिलिकॉन आणि हायड्रोजन दुसऱ्या साखळीच्या दुहेरी बंधावर बसवायचे. हे हायड्रोसिलिलेशन. धातू त्या सिलिकॉन-हायड्रोजनच्या मधे शिरतो, दोघांनाही स्वतःशी बांधतो आणि मग सोडतो; स्वतः संपत नाही, म्हणजेच तो उत्प्रेरक. १९५७ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनीच्या स्पायर यांनी यासाठी क्लोरोप्लॅटिनिक आम्ल हे प्लॅटिनमचं संयुग वापरलं, जीईच्या (जनरल इलेक्ट्रिक) कार्स्टेट यांचं प्लॅटिनमच्या द्रावणाचं पेटंट १९७३चं. कारखाने अजून तिथेच आहेत. २००७ मध्ये या उद्योगात सुमारे ५.६ टन प्लॅटिनम गेलं असा अंदाज आहे. गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमसाठी भंगारवाले तरी टपलेले असतात, इथे ते थेट उकिरड्यावर. २०१२ मध्ये प्रिन्स्टनच्या पॉल चिरिक यांच्या गटाने हेच काम लोखंडावर करून दाखवलं. मग घोडं अडलंय कुठे? माझ्या मते निव्वळ सवयीत.

भट्टीवाला: सवयीत नाही हो, हवेत! ते लोखंडाचं संयुग ग्लव्हबॉक्सबाहेर (हवा नसलेल्या बंद पेटीबाहेर) काढलं की खलास. कार्स्टेटचं द्रावण फळीवरून काढा, थेंबभर टाका, झाकण लावा, काम सुरू. कागदावर थर देणारी मशीन मिनिटाला शेकडो मीटर पळते, तिथे नायट्रोजनचा तंबू ठोकणार का? आणि ५.६ टन म्हणजे वर्षभर खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमच्या तीन टक्क्यांच्या आत. एवढा गहजब कशाला?

साचेकर: प्लॅटिनमचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा गंधकवाल्या मॉडेलिंग क्लेवर प्लॅटिनम सिलिकोन ओतून बघावं. वरून छान रबर झालेलं दिसतं, पण सोलायला गेलं की क्लेला लागलेला थर नुसता चिकट चिखल. लॅटेक्सचे हातमोजे घालून कालवलं तरी तेच. पैसे पाण्यात. आम्ही निमूट टिनच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या सिलिकोनकडे वळतो.

भट्टीवाला: साचेकर, गंधक लोखंडाला सोडेल असं कोणी सांगितलं?

एमएस्सी_इनऑरगॅनिक: दोन्ही बाजूंचं एक गृहीतक मला पटत नाही: लोखंड म्हणजे स्वस्तातलं प्लॅटिनम. लोखंड-सिलिकॉन बंध काही काल सापडलेला नाही. पायपर, लेमाल आणि विल्किन्सन यांनी लोखंडावर ट्रायमेथिलसिलिल हा सिलिकॉनवाला गट बांधला तो १९५६ मध्ये, म्हणजे स्पायर यांच्या पेपरच्या आधी. प्रश्न बंध बनण्याचा नाही, पुढे काय होतं त्याचा आहे. १९६५ मध्ये चॉक आणि हॅरड यांनी मांडलेल्या मार्गात अल्कीन (दुहेरी बंधवाला रेणू) धातू-हायड्रोजन बंधात घुसतं आणि सिलिकॉन शेवटी येऊन जुळतो. प्लॅटिनमचं साधारण असंच चालतं. काही धातूंवर मात्र अल्कीन थेट धातू-सिलिकॉन बंधातच घुसतं. मग व्हिनाइलसिलेन, म्हणजे दुहेरी बंध शाबूत असलेले सिलिकॉनवाले रेणू, मधेच सुटू शकतात. रबर कारखान्याला ती घाण वाटेल, पण संश्लेषणवाल्याला हवी असलेली वस्तू तीच असू शकते! त्यामुळे सरसकट 'बदला' किंवा 'बदलू नका' याला अर्थ नाही.

चिकटपट्टी: ताई, मार्गाचा मुद्दा मान्य. पण भट्टीवाल्यांचा हवेचा मुद्दा जुना झालाय. चिरिक यांच्याच गटाने २०१६ मध्ये हवेत टिकणारी कोबाल्ट कार्बोक्सिलेटं (कोबाल्टची संयुगं) वापरून दाखवली, सिलेन (सिलिकॉन-हायड्रोजन बंधवालं संयुग) आणि अल्कीन भेटल्यावरच ती कामाला लागतात. शिवाय प्लॅटिनमच्या भांड्यात थोडं अल्कीन दुहेरी बंध साखळीत आत सरकल्यामुळे वाया जातं, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

भट्टीवाला: कोबाल्टही काही खिरापतीसारखं वाटलं जात नाही. तरी पातळ सिलेन (सिलिकॉनची छोटी द्रव संयुगं) बनवण्यासाठी मी एखादी बॅच लावून बघेन. तिथे माल डिस्टिल होतो, उत्प्रेरक तळाशी राहतो. कागदाच्या थरात तो कायमचा अडकतो, आणि बाळाच्या बाटलीच्या बोंडीतही. त्या बोंडीत कोबाल्ट चालेल का, हे आधी कोणीतरी लिहून द्या.